पत्र वाचणाऱ्यास नमस्कार

टपालाच्या थैलीचे तोंड लाखेने बंद केलेले असते. थैली उघडण्यापूर्वी लाखेवरचा शिक्का अखंड आहे की नाही ते पाहावे, मगच दोरी कापावी. आतली पत्रे टेबलावर पालथी ठेवावीत, प्रत्येकाच्या पाठीवर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का उमटवावा आणि मग गावातल्या आळ्यांप्रमाणे त्यांचे गठ्ठे करावेत. या कामाला फार बुद्धी लागत नाही, नीटसपणा लागतो. तो माझ्याजवळ थोडा जास्तच होता, आणि त्याचे काय झाले हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

शहरातील वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. लहान खेड्यातले टपाल कार्यालय पूर्णवेळ नोकराकडे नसे. गावात ज्याला दुसरी उपजीविका आहे अशा माणसाकडे ते दिवसातले काही तास सोपवलेले असे. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. टेंभुर्णीपासून दोन कोसांवर आमचे गाव, शाळेला लागून माझे घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे टपाल कार्यालय. एक टेबल, पत्र तोलायचा काटा, शिक्का, शाईची गादी आणि दाराबाहेर लाल पेटी, एवढा सगळा संसार. दुपारी डाकवाला सखाराम टेंभुर्णीहून सायकलवर थैली घेऊन येई; जे न्यायला येत नसत त्यांची पत्रे घरोघर तोच टाकी. तो येण्याची वेळ आणि शाळेची मधली सुट्टी मी मुद्दाम जुळवून घेतली होती.

माझी गिऱ्हाइके नाना तऱ्हांची होती. एक शेतकरी पेटीत पत्र टाकले की पेटीला कान लावी आणि लगेच मला विचारी, "पोचलं का?" जालना जिल्हा होऊन चार-पाच वर्षे झाली, तरी पत्त्यावर जुन्या जिल्ह्याचे नाव लिहिणारे पुष्कळ होते. ते खोडायला सांगितले की त्यांना वाईट वाटे. "इतके वर्सं तेच लिवलं की, गुरुजी," असे म्हणत ते नाव इतक्या हलक्या हाताने खोडत की ते आणखी ठळक दिसे.

पण टपालाच्या कामापेक्षा मोठे काम टपाल वाटल्यानंतर सुरू होई. ते कोणत्याही नियमपुस्तकात नाही. पत्र ज्याच्या नावाचे, त्याला ते वाचता येतच असेल असे नव्हते. म्हणून प्रत्येक घराचा एक ठरलेला वाचक असे. कुठे पुतण्या, कुठे शेजारची सून, आणि ज्याला कोणी नाही त्याचा मी. पत्र लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असे. म्हणून आमच्याकडच्या पत्रांत शेवटी एक ओळ ठरलेली असे: 'पत्र वाचणाऱ्यास नमस्कार.' ज्याने आपले ऊन-पावसातले चार क्षण दुसऱ्याच्या खुशालीसाठी दिले, त्याचा हा मान. वाचकाने ती ओळही मोठ्याने वाचायची आणि 'नमस्कार, नमस्कार' म्हणून स्वीकारायची.

पत्र वाचण्याविषयी माझे एक सूत्र होते. वाचणारा पन्हाळीसारखा असावा. वरून जेवढे पडेल तेवढे खाली यावे. आपल्या मनाचे घालू नये, मजकुरातले गाळू नये. हे सूत्र मला एका म्हातारीने पक्के करून दिले होते. तिच्या भावाचे एक पोस्टकार्ड तिच्याजवळ होते. भाऊ जाऊन दोन वर्षे झाली होती, तरी दर बाजाराच्या दिवशी ती ते माझ्याकडून वाचून घेई. एकदा घाईत माझ्याकडून एक वाक्य सुटले. ती म्हणाली, "गुरुजी, 'तब्येतीला जप' राह्यलं." मी ते वाचले. त्या दिवसापासून मी कोणाच्याही पत्रातले अक्षरही सोडले नाही.

न सोडण्याची ही सवयच एके दिवशी नडली.

रामकिसन हा माझ्या हातून सातवी झालेला मुलगा. उंच, हाडकुळा, बोलायला लाजणारा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. आई गयाबाई चार एकर जमीन एकटीने करीत असे. जालन्याला लष्कराची भरती निघाली तेव्हा हा गडी कोणाला न सांगता गेला आणि पास होऊन आला. गयाबाईंना बातमी दिली ती मीच, कारण त्याचे बोलावणे टपालानेच आले. त्या म्हणाल्या, "गेला तर गेला. कमरंला पट्टा तरी राहील, न्हाई तं चड्डी घसरत व्हती." आणि मग पदराने डोळे पुसत राहिल्या.

दक्षिणेकडच्या एका छावणीत त्याचे प्रशिक्षण सुरू झाले. नऊ महिने मुदत. त्यानंतर शपथेचे संचलन आणि मग पहिली मोठी सुट्टी. दर पंधरा-वीस दिवसांनी त्याचे निळे अंतर्देशीय पत्र गयाबाईंच्या नावाने येई. गयाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची वाचक होती मंगल.

मंगल म्हणजे शेजारच्या काशिनाथआप्पांची मुलगी. तीही माझीच विद्यार्थिनी. सातवीनंतर घरीच राहिलेली, अठरा पूर्ण झालेली, अक्षर मोत्यासारखे. आप्पांची जमीन गावात सर्वांत जास्त आणि शब्दही सर्वांत जड. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हते; पण हे कोणी बोलून दाखवीत नसे. पत्र आले की मंगल गयाबाईंच्या ओट्यावर बसून वाचून दाखवी, आणि गयाबाई सांगतील तसे उत्तरही तीच लिही. जाता-येता चार वाक्ये माझ्या कानावर पडत. 'इथे दाढी नसली तरी रोज दाढी करावी लागते.' 'बाजरीची भाकर मिळत नाही, पण पोळ्या पोटभर देतात.' 'माझे वजन वाढले आहे.' गयाबाई खूश होत. मंगल हसत हसत वाची. एवढ्याशा पत्राला ही मुलगी एवढा वेळ का लावते, असे मला एक-दोनदा वाटले. पण वाचनाची गती हा ज्याचा त्याचा भाग असतो, असे म्हणून मी पुढे जात असे.

भाद्रपदात मंगलला तिच्या मामाकडे भोकरदनला नेले. जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला असलेला मुलगा तिला तिथे पाहणार होता. स्थळ चांगले होते. गावात सर्वांना ते माहीत होते. ती तिकडे असतानाच रामकिसनचे पत्र आले.

मधली सुट्टी होती. ओसरीवर सहा-सात माणसे टपालाची वाट पाहत बसली होती. मी नाव पुकारून पत्र गयाबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि परत माझ्यापुढे केले.

"मंगल गावाला गेल्ती ती आलीच न्हाई अजून. तुम्हीच वाचा, गुरुजी. बराबर सगळं वाचा."

मी चष्मा पुसला आणि वर्गात धडा वाचतो त्या आवाजात सुरुवात केली.

'तीर्थरूप आईस, रामकिसनचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मी येथे खुशाल आहे. तू काळजी करू नये. इकडे पाऊस बरा आहे. आम्हांस नवीन बूट मिळाले. बैलाचे खूर दुखत होते ते बरे झाले काय, ते कळवावे. पत्र वाचणाऱ्यास नमस्कार. पुढील मजकूर नेहमीप्रमाणे आईस वाचून दाखवू नये.'

वाचताना डोळा जिभेच्या दोन शब्द पुढे असला पाहिजे, असे मी मुलांना शिकवीत आलो. त्या दिवशी माझा डोळा पुढे नव्हता.

सखाराम सायकलला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अन् तुम्ही तं दाखवलं की, गुरुजी!"

ओसरी हसली. मी पत्राची घडी घातली. गयाबाई मात्र हसल्या नाहीत.

"पुढं काय हाये?"

"पुढचे तुम्हाला दाखवू नये असे लिहिले आहे."

"कागूद कोणाच्या नावाचा हाये?"

"तुमच्या."

"मंग वाचा."

टपालाचा नियम स्पष्ट आहे. पत्र हाती दिल्यावर ते ज्याच्या नावाचे त्याचे. त्यावर लिहिणाऱ्याचाही हक्क उरत नाही, टपालवाल्याचा तर नाहीच. गयाबाईंचे म्हणणे नियमाला धरून होते, आणि मी नियमाचा माणूस. मी घडी उलगडून पुढे वाचले. 'आत चला' हे दोन शब्द मला सुचले नाहीत. नियमात ते नव्हते.

'डाव्या टाचेची जखम चिघळली आहे. बूट काढला की मोजा चिकटून येतो. पूर्ण सामान पाठीवर घेऊन पळण्याच्या परीक्षेत दोनदा मागे राहिलो. तिसऱ्यांदा राहिलो तर मागच्या तुकडीत टाकतील, मग दिवाळीनंतरची सुट्टी जाऊन होळीला मिळेल. शिकवणारे उस्ताद म्हणतात, दुखण्याकडे पाहू नको, पुढच्याच्या पाठीकडे पाहा. मी पाहतो, पण दुखते. जालन्याच्या स्थळाचे काय झाले ते वाचणाऱ्याने लिहावे. दिवाळी होईपर्यंत लांबत असेल तर मी येऊन आईला घरी बोलणी करायला पाठवीन. लांबत नसेल तर तसेही लिहावे. खोटे लिहू नये. मी वाचणाऱ्यास कधी खोटे लिहिलेले नाही.'

नाव कोणाचेच नव्हते.

मग सखाराम म्हणाला, "जालन्याचं स्थळ कोणाला आल्तं, गुरुजी? तुम्हाला का मला?"

या वेळी जे हसले ते वेगळे हसले. दोन बाया उठून लगबगीने निघाल्या. बातमी थैलीपेक्षा लवकर पोचते, हे टपालवाल्याला सांगावे लागत नाही.

गयाबाई तशाच बसून होत्या. त्यांनी विचारले, "नेहमीप्रमाणं म्हंजे? हे दर पत्रात असतंय?"

"तसेच दिसते."

"म्हंजे ती पोरगी माझ्याम्होरं हसून वाचून राह्यली, अन् हे सगळं पोटात घेऊन घरी जात व्हती." त्या उठल्या. "बाकीचं मला ठाव व्हतं, गुरुजी. डोळे हायेत मला. पाय ठाव नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उत्तर लिहायला लावले. त्यांनी सांगितलेला मजकूर पाच ओळींचा होता, तो मला आजही पाठ आहे. 'पायाला हळद-तेल लाव. तिथं मिळत नसंल तर उस्तादाला माग, लाजू नको. बैल बरा आहे. परीक्षेत मागं राह्यला तरी घरी तोंड लपवून येऊ नको. पोरीचं मी पाहते.' शेवटी प्रथेप्रमाणे 'पत्र लिहिणाऱ्याचा नमस्कार' असे मी माझ्यातर्फे लिहिले. त्यापुढे 'माझी चूक झाली' असे लिहावे असे फार वाटले. पण पत्र त्यांचे होते. मी लेखणी खाली ठेवली.

तोवर काशिनाथआप्पांनी भोकरदनहून मुलीला परत आणले होते. जालन्याच्या पाहुण्यांनी होकार कळवला होता. आप्पांनी अजून शब्द दिला नव्हता. आता मात्र येत्या आठ दिवसांत साखरपुडा उरकायचा, असे त्यांनी ठरवले. मंगलचे गयाबाईंच्या ओट्यावर जाणे बंद झाले.

तिसऱ्या दिवशी गयाबाई माझ्या दारात आल्या. हातात फडक्यात बांधलेली पत्रे होती.

"चला गुरुजी. तुम्ही वाचलं, तुम्हीच संगं चला."

आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. मंगलची आई दाराच्या आत उभी होती. आप्पांनी आम्हाला बसा म्हटले नाही.

"गयाबाई, शेजार व्हता म्हणून पोरगी तुमच्या दारात धाडली. अन् तुमच्या पोरानं तिला चिठ्ठ्या लिवल्या."

"तिला एक बी न्हाई लिवली. सगळ्या माझ्या नावच्या हायेत. माझ्या दारात आल्या, माझ्याम्होरं वाचल्या." गयाबाईंनी गाठोडे बाजेवर ठेवले. "ह्या घ्या. बगा काय लिवलंय ते."

आप्पांनी गाठोड्याकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"गुरुजी, वाचा."

टपालाच्या नोकरीत मी कधी कोणाला वाचायला नाही म्हटले नव्हते. तेव्हा प्रथमच म्हटले.

"आप्पा, एकदा वाचले तेच चुकले. या पत्रांचा वाचक मी नाही. ज्या व्यक्तीने आजवर वाचली तिलाच बोलवा. काय वाचायचे, काय नाही, ते तिला कळते. मला कळले नाही."

आप्पांनी गाठोडे आपल्याकडे ओढले आणि हाक मारली, "मंगल!"

ती आली. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. आप्पांनी गाठोड्याकडे बोट दाखवले. "वाच. त्यानं आईपासून लपवून जे लिवलं तेच वाच. मला बी कळू दे काय लिवतेत लष्करातले लोक."

मंगलने तारखांप्रमाणे पत्रे लावली. हे मीच तिला शिकवले होते. आणि वाचू लागली.

'पहिल्या आठवड्यात तीन वेळा रडलो. न्हाणीघरात नळ सोडून रडावे लागते. तिथे नळापुढे नेहमी रांग असते.'

'दोरावर चढून वर गेले की खाली पाहू नका म्हणतात. मी पाहतो. भीती वाटते. इथे भीती वाटते असे कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.'

'आज एकाने माझ्या बोलण्याची नक्कल केली. मी दिवसभर बोललोच नाही. संध्याकाळी त्यानेच येऊन माझ्या सदऱ्याचे बटण लावून दिले. त्याला शिवता येते. मीही शिकतो आहे.'

'बंदुकीचा नंबर पाठ झाला, झोपेतही सांगतो. पण आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागू लागला आहे. वाचणाऱ्याने पत्र वाचले त्या दिवशी आईने कोणते लुगडे नेसले होते, ते लिहावे. म्हणजे तिला नीट पाहता येईल.'

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. मंगल थांबली नाही. ओसरीवर फुटलेले शेवटचे पत्र आप्पांच्या कानावर आधीच आले होते; ते सोडून सगळी पत्रे वाचून झाली. आप्पा पुढे झुकून ऐकत होते. जे ऐकायला ते बसले होते ते अजून आलेच नव्हते.

"सरलं?"

"सरलं, आप्पा."

"एवढ्या पत्रांत एवढंच? पाय दुखला, भीती वाटली, बटन लावलं?"

"एवढंच."

"मंग ह्याच्यात तुझ्यासाठी काय हाये?"

मंगलने पत्रांची घडी सरळ केली. "हेच हाये, आप्पा. हे तो दुसऱ्या कोणाला सांगत न्हाई."

दाराच्या आतून मंगलच्या आईचा आवाज आला, "लग्नाला वीस वर्सं झाली. तुम्ही कवा सांगितलं का मला, काय दुखतंय ते?"

"तू गप," आप्पा म्हणाले. पण त्या शब्दात नेहमीचा जोर नव्हता. ते गयाबाईंकडे वळले. "टाचंला काय लावतेत तिकडं?"

"हळद-तेल लाव म्हणून लिवलं म्या."

"हळदीनं काय व्हतंय चिघळल्यावर." मग मंगलला: "परीक्षेत मागं राह्यला तर होळीला येणार म्हंतो. तवर जालन्याच्या पाहुण्यांला थांबवून ठेवू का मी?"

"थांबवू नका," मंगल म्हणाली. "त्यांचं बी लेकरू हाये. न्हाई म्हणून कळवा."

आप्पांनी टोपी काढली, डोके खाजवले, पुन्हा घातली. हो म्हटले नाही. पण दोन दिवसांनी जालन्याला जाणारे एक पाकीट त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतले. मजकूर येथे सांगणे योग्य नाही. भाषा सभ्य होती एवढे सांगतो.

आता शिक्षकाच्या सवयीप्रमाणे उत्तर आधी देऊन टाकतो. रामकिसन तिसऱ्या परीक्षेत मागे राहिला. त्याला मागच्या तुकडीत टाकले. तो होळीला आला, वैशाखात लग्न झाले, आणि पुढे तो हवालदार होऊन निवृत्त झाला. परंतु हे सगळे आम्हाला कळायच्या आधी मध्ये काही आठवडे गेले. त्या आठवड्यांविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण माझ्या चुकीची खरी किंमत तिथे दिसली.

मंगलचे ओट्यावर येणे पुन्हा सुरू झाले होते. आता मात्र पत्र आले की ओट्यावर दहा माणसे जमत. कोणी पाय कसा आहे विचारी, कोणी नुसतेच दात काढी. "शेपूट वाच की, शेपूट!" असे सखाराम म्हणे. आणि शेपूट नसे. आईचे उत्तर माझ्या अक्षरात गेले, त्यात टाचेचा उल्लेख; त्यावरून रामकिसनला घडलेला प्रकार कळला होता. त्यानंतरच्या पत्रांत तो लिही: 'मी खुशाल आहे. परीक्षा झाली. काळजी नसावी. पत्र वाचणाऱ्यास नमस्कार. कळावे.' पास झाला की मागे राहिला, ते नाही. टाच बरी की वाईट, ते नाही. आधी तो आईला जे लिहीत असे, तेच आता सर्वांना लिहू लागला. ज्या एका जागी तो खरे बोलत होता ती जागा मी, सात माणसांसमोर, वर्गातल्या आवाजात, मोडून टाकली होती.

एके दिवशी दुपारी, शाळा भरलेली असताना, मंगल टपालाच्या खोलीच्या दारात आली. मी मुलांना शुद्धलेखन देऊन बाहेर आलो.

"गुरुजी, तो मलाबी खुशाल हाये असंच लिवून राह्यला."

"पाहिले मी."

"पास झाला असता तर लिवलं असतं." ती थोडी थांबली. "एक विचारू का? माझ्या नावानं पत्र आलं, बंद पाकीट, तर तुम्ही कोणाच्या हातात द्याल?"

आमच्या गावात तोवर अविवाहित मुलीच्या नावाने पत्र आलेले मला आठवत नव्हते. घरचे टपाल घरच्या कर्त्याच्या हाती जाई, मग ते कोणाच्याही नावाचे असो. सखाराम तसेच देत असे आणि मीही कधी हरकत घेतली नव्हती.

"तुझ्या हातात," मी म्हणालो.

"आप्पा बाजंवर बसलेले असले तरी?"

"तरी. आणि सखारामकडे देणार नाही. मी स्वतः आणीन."

तिने मान हलवली. "मंग एक पाकीट द्या."

ते पाकीट तिने तिथेच, उभ्याने, माझ्या टेबलाच्या कडेवर लिहिले. मी वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलांना वाटले, गुरुजी काहीतरी विसरले.

उत्तर आले ते दिवाळीच्या चार दिवस आधी. थैली उघडली आणि निळ्या पत्रांऐवजी एक पांढरे, जाडसर पाकीट वर आले. 'कुमारी मंगल काशिनाथ' असे त्यावर रेघ आखून लिहिले होते. सखाराम हात पुढे करून म्हणाला, "द्या, जाता जाता टाकतो." मी म्हणालो, "हे राहू दे." इतक्या वर्षांत मी त्याच्या हातचे काम कधी काढून घेतले नव्हते. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याने, त्याच्या आयुष्यात बहुधा एकदाच, काही टोमणा मारला नाही.

शाळा सुटल्यावर मी आप्पांच्या अंगणात गेलो. ते बाजेवर होते. मंगल पडवीत सुपात मूग पाखडत होती.

"या गुरुजी. कोणाचं टपाल?"

"मंगलचे."

"आमच्या घरचंच की. द्या हिकडं." त्यांनी हात पुढे केला.

"मंगलच्या नावाचे आहे, आप्पा. तिच्या हातात द्यायचे आहे."

हात तसाच पुढे राहिला. सुपाचा आवाज थांबला. आप्पांनी पाकिटाकडे पाहिले. त्यांना त्यावरचे नाव वाचता येत नव्हते, आणि ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत होते. मग त्यांनी हात मागे घेतला, तो गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "मंग द्या की तिला. मला कामून दाखवून राह्यले?"

मंगल उठली, हात झटकले आणि पाकीट घेतले. ते तिने उघडले नाही. आम्ही दोघे तिथे होतो.

आप्पांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि उठले. "चला गुरुजी. बैलांला पाणी दाखवायचं राह्यलं."

आम्ही गोठ्यामागे गेलो. दोन्ही बैलांच्या तोंडातून पाणी गळत होते आणि डोणीभोवतीची माती ओली होती. पाणी दाखवून झाल्याला पाच मिनिटेही झाली नसावीत. आप्पांनी विहिरीतून बादली शेंदली, डोणीत ओतली आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. घराकडून काही आवाज येत नव्हता.

"जाड व्हतं पाकीट," ते म्हणाले.

"होते."

"किती येळ लागंल वाचायला?"

मी मनात पानांचा अंदाज केला. "तिच्या गतीने दहा मिनिटे. पण ती दोनदा वाचील."

"तीनदा धरा," आप्पा म्हणाले, आणि तहान नसलेल्या बैलासाठी त्यांनी पुन्हा बादली विहिरीत सोडली.